विश्लेषण : चार महिन्यांत सरकार का पडले? वसंतदादा पाटील, आघाडी आणि पक्षशिस्तीचा हिशेब

किन्हीराजा (जि. वाशिम) : फेब्रुवारी १९७८ मध्ये महाराष्ट्राने विधानसभेसाठी मतदान केले, तेव्हा मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा व्हायला अजून वीस वर्षे होती. त्या एका मतदानातून मार्चमध्ये एक सरकार आले आणि जुलैमध्ये दुसरे. मधल्या काळात मतदाराला कोणी पुन्हा विचारले नाही. ज्या पक्षाला विदर्भाने भरभरून मते दिली, तो मार्चमध्ये सत्तेत होता आणि जुलैमध्ये विरोधी बाकांवर. हे घडले ते सत्ताधारी पक्षातल्याच आमदारांनी बंड केल्यामुळे. बंड झाले तेव्हा मुख्यमंत्रीपदी वसंतदादा पाटील होते. राज्यातील पहिले आघाडी सरकार चालवणारा आणि ते गमावणारा हा नेता पुढे पक्षांतर्गत असंतोषामुळेच पुन्हा मुख्यमंत्री झाला आणि पक्षश्रेष्ठींशी न पटल्याने पायउतारही झाला. आमदारांची शिस्त नेमकी कशावर उभी असते, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

वसंतदादा कोण होते?

वसंतराव बंडूजी पाटील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे गाव सांगलीजवळचे पद्माळे. आई-वडिलांचे छत्र फार लहानपणी हरपले आणि आजीने त्यांना वाढवले. शाळा फारशी झाली नाही. तरुणपणी ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले. पकडले गेल्यावर २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. तटावरून उड्या मारून पळताना पोलिसांनी गोळीबार केला. दोन साथीदार मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा पकडले गेले.

पुढच्या सगळ्या राजकारणात हा तुरुंगफोडीचा प्रसंग त्यांच्या मागे उभा राहिला. पदवी नव्हती, वक्तृत्वाचा झगमगाट नव्हता. पण हा माणूस आपल्यासाठी उडी मारील, असा विश्वास कार्यकर्त्यांच्या मनात होता. दादा हे संबोधन त्यातूनच रूढ झाले. १९६७ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला.

त्यांची शिस्त कोणत्या प्रकारची होती?

१९५२ मध्ये दादा सांगलीतून आमदार झाले. पण मंत्रिपदाच्या मागे न लागता त्यांनी बराच काळ सहकारात आणि संघटनेत घालवला. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना त्यांनी उभा केला, सूतगिरण्या, बँका, सोसायट्या यांचे जाळे विणले. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये सुरू झालेली ऊस संशोधनाची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम केले.

प्रदेशाध्यक्ष असताना तालुक्या-तालुक्यातला कार्यकर्ता त्यांना नावानिशी माहीत असे. उमेदवारी कोणाला, कारखान्याची मंजुरी कोणाला, जिल्हा परिषदेत कोणाला पुढे करायचे, हे निर्णय याच ओळखीतून होत. नाराज माणसाला बोलावून घ्यायचे, त्याचे ऐकायचे, कुठेतरी सामावून घ्यायचे, ही त्या काळच्या काँग्रेसची शिस्त होती. तिला कायद्याचा आधार नव्हता. ती टिकायची याला दोन कारणे होती. पक्षाबाहेर गेल्यास हाती काही लागणार नाही, हे आमदाराला ठाऊक होते. पक्षात राहिल्यास आज ना उद्या आपला नंबर लागेल, अशी आशाही त्याला होती. १९७८ मध्ये ही दोन्ही कारणे एकाच वेळी नाहीशी झाली.

मंत्रिमंडळातून बाहेर आणि थेट मुख्यमंत्रिपदी, हे कसे झाले?

१९७२ च्या निवडणुकीनंतर दादा वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात आले. पाटबंधारे खाते त्यांच्याकडे होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईक यांची जागा शंकरराव चव्हाण यांनी घेतली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, शंकररावांनी दादांना मंत्रिमंडळातून वगळले. दादांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली आणि ते सांगलीला परतले.

ही निवृत्ती वर्षभरही टिकली नाही. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी केवळ २० जागा काँग्रेसच्या हाती आल्या. जनता पक्षाला १९ मिळाल्या, बाकीच्या शेतकरी कामगार पक्ष, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन यांच्याकडे गेल्या. राज्यातील काँग्रेस हादरली. शंकररावांना जावे लागले आणि संघटना सावरण्यासाठी आमदारांनी दादांना पुढे आणले. त्यामुळे १९७७ मध्ये ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. ज्यांना मंत्रिमंडळातून काढले होते, त्यांनाच आमदारांनी मंत्रिमंडळाच्या शिरोभागी बसवले.

दोन काँग्रेस झाल्या कशा?

लोकसभेतील पराभवाचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे, यावरून काँग्रेसमध्ये वाद पेटला आणि जानेवारी १९७८ च्या सुरुवातीला पक्ष फुटला. इंदिरा गांधींनी आपली वेगळी काँग्रेस काढली. तिला इंदिरा काँग्रेस म्हटले जाऊ लागले. उरलेल्या पक्षाचे अध्यक्ष ब्रह्मानंद रेड्डी होते. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा आणि शरद पवार या दुसऱ्या गटात राहिले.

या फुटीनंतर जेमतेम दोन महिन्यांत राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. गावोगावी कालपर्यंत एकाच व्यासपीठावर बसणारे कार्यकर्ते एकमेकांविरुद्ध प्रचार करू लागले. पश्चिम महाराष्ट्रात चव्हाण-दादांचा जोर होता. विदर्भात मात्र इंदिरा गांधींच्या नावाने मतदान झाले आणि इंदिरा काँग्रेसच्या जागांचा मोठा वाटा विदर्भातून आला. भंडारा जिल्ह्यातले नाशिकराव तिरपुडे हे तिथल्या इंदिरा काँग्रेसचे प्रमुख नेते म्हणून पुढे आले.

निकालाचे गणित काय होते?

विधानसभेच्या २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षाचे १३ आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ९ आमदार निवडून आले. अपक्ष २८ होते. उरलेल्या आठ जागा छोट्या पक्षांकडे गेल्या. बहुमताला १४५ लागत होते आणि कोणीही त्याच्या जवळपास नव्हते. महाराष्ट्राच्या मतदाराने पहिल्यांदाच कोणालाही स्पष्ट कौल दिला नव्हता.

सर्वांत मोठा पक्ष जनता. त्याला बाहेर ठेवायचे तर दोन काँग्रेसना एकत्र येणे भाग होते. दोघांची बेरीज १३१ होत होती. उरलेले १४ अपक्षांमधून जमवता येण्यासारखे होते. मार्च १९७८ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राच्या इतिहासातले हे पहिले उपमुख्यमंत्रिपद. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले दोन पक्ष निकालानंतर एका मंत्रिमंडळात बसले होते. बसण्याआधी कार्यक्रम ठरवून एकत्र मते मागितलेली नव्हती. आघाडीचा पाया निव्वळ बेरजेचा होता.

आघाडीत शिस्त कोणाची चालते?

एकपक्षीय सरकारात मुख्यमंत्र्याच्या हातात तीन दोऱ्या असतात. मंत्री बदलता येतो, उमेदवारी कापता येते आणि निधी रोखता किंवा देता येतो. आघाडीत पहिली दोरीच निम्मी तुटते. मुख्यमंत्री स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याला घरी पाठवू शकतो. मित्रपक्षाच्या मंत्र्याला हात लावला तर सरकार जाते. मित्रपक्षाच्या मंत्र्याचा मालक दुसरीकडे असतो. तिरपुडे यांचे नेते मुंबईत नव्हते, दिल्लीत होते.

याचा परिणाम लगेच दिसला. तिरपुडे उपमुख्यमंत्रिपदावर असताना यशवंतराव चव्हाण आणि त्यांच्या पठडीतल्या नेत्यांवर जाहीरपणे टीका करत. दादा त्यांना आवरू शकत नव्हते. मित्रपक्षाने आपल्याच नेत्याला रोज फटकारायचे आणि आपण सभागृहात त्याच सरकारसाठी हात वर करायचा, हे दादांच्या पक्षाच्या आमदारांना जड जाऊ लागले. आघाडी सांभाळायची तर मुख्यमंत्र्याला मित्रपक्षाचे बोलणे गिळावे लागते. प्रत्येक वेळी गिळले की स्वपक्षाच्या आमदाराच्या नजरेत तो थोडा उतरतो. दादांची कोंडी हीच होती. मित्राला सांभाळावे तर घर सुटत होते आणि घर सांभाळावे तर मित्र सुटत होता.

मागच्या बाकावर बसलेल्या आमदाराला काय वाटत होते?

मंत्रिपद न मिळालेला आमदार सभागृहात मागे बसतो आणि सरकार त्याच्याच हातांवर उभे असते. आघाडीत त्याच्या वाट्याला नेहमीपेक्षा कमी येते, कारण मंत्रिपदे दोन पक्षांत वाटली जातात. ६९ जणांच्या पक्षाला पूर्ण मंत्रिमंडळ मिळत नाही. जे उरतात त्यांना मतदारसंघात जाऊन सांगावे लागते की ज्या उमेदवाराविरुद्ध चार महिन्यांपूर्वी आपण लढलो, त्याचाच पक्ष आता आपल्या सरकारात आहे. तिथला इंदिरा काँग्रेसचा कार्यकर्ता मात्र वेगळ्याच मंत्र्याकडून कामे करून घेत असतो.

शिवाय पर्याय समोर होता. पूर्वी काँग्रेस सोडणाऱ्याला सत्तेबाहेर राहावे लागे. १९७८ मध्ये ९९ आमदारांचा जनता पक्ष सत्तेच्या उंबरठ्यावर उभा होता आणि केंद्रात त्याच पक्षाचे सरकार होते. पक्ष सोडून जायला जागा होती आणि पक्षात राहून नंबर लागण्याची खात्री नव्हती. संघटनेच्या जुन्या शिस्तीचे दोन्ही आधार असे निघून गेले.

जुलै १९७८ मध्ये काय घडले?

विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू असताना उद्योगमंत्री शरद पवार यांनी राजीनामा दिला. सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि विदर्भातले दत्ता मेघे हेही मंत्रिपद सोडून त्यांच्याबरोबर बाहेर पडले. त्यांच्यासोबत काँग्रेसचे सुमारे ४० आमदार होते. आघाडीची १३१ ची बेरीज एका फटक्यात नव्वदीच्या घरात आली. अपक्ष धरूनही बहुमत उरले नाही. दादांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१८ जुलै १९७८ रोजी पवार यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वय होते ३७. जनता पक्ष, पवारांची समांतर काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्या या आघाडीचे नाव पुरोगामी लोकशाही दल, म्हणजेच पुलोद. ९९ अधिक ४० अधिक १३ अशी बेरीज केली तरी १५२ होतात. बहुमताचा आकडा तिथेच पार झाला होता. या बंडाला यशवंतराव चव्हाण यांचा मूक आशीर्वाद होता का, यावर मतभेद आजही संपलेले नाहीत. दादांच्या समर्थकांनी मात्र याला विश्वासघात मानले आणि पाठीत खंजीर हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात त्या घटनेला कायमचा चिकटला.

बंडखोरांची बाजूही होती. आघाडीत पक्षाचा आणि ज्येष्ठ नेत्याचा अपमान होत असताना गप्प बसणे ही शिस्त नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. दादांचे समर्थक म्हणत, निवडून आलो ते ज्याच्या चिन्हावर, त्याच्या सरकारात राहून तक्रार करायची असते. दोन्ही बाजू शिस्तीचीच भाषा बोलत होत्या. प्रश्न इतकाच होता की आमदाराची निष्ठा पक्षाच्या नेत्याशी, सरकारशी की मतदाराशी?

तेव्हा कायदा आडवा का आला नाही?

कारण कायदाच नव्हता. १९६७ नंतर देशभर आमदारांची पळापळ सुरू झाली होती. हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने इतक्या वेळा पक्ष बदलला की आयाराम गयाराम ही म्हणच तयार झाली. मध्य प्रदेशात त्याच वर्षी गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे आमदार बाहेर पडले आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले. हे रोखण्यासाठी केंद्राने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला. पाहणी केलेल्या २१० पक्षांतर करणाऱ्या आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते, असे त्यात नोंदवले गेले. रोग कशात आहे हे त्या एका आकड्यावरून कळत होते. १९७३ आणि १९७८ मध्ये विधेयकेही आली, पण ती मंजूर झाली नाहीत. ज्यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतराचा अभ्यास झाला, त्यांच्याच शिष्यांमध्ये नऊ वर्षांनी महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले पक्षांतर झाले.

आजचा कायदा असता तर बंड थांबले असते का?

पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आला आणि १ मार्च १९८५ पासून लागू झाला. स्वतःहून पक्ष सोडणारा किंवा प्रतोदाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा सदस्य अपात्र ठरू लागला. पण त्यात एक फट होती. विधिमंडळ पक्षातील एकतृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती फूट मानली जाई आणि त्यांना संरक्षण मिळे. ६९ चा एकतृतीयांश म्हणजे २३. पवारांबरोबर सुमारे ४० होते. म्हणजे १९८५ चा कायदा १९७८ मध्ये असता तरीही बंड वैधच ठरले असते.

२००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ही फट बुजवली. आता फुटीला संरक्षण नाही; दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे असेल तर दोनतृतीयांश सदस्य लागतात. ६९ चे दोनतृतीयांश म्हणजे ४६. हा आकडा ४० पेक्षा मोठा आहे. आजच्या नियमाने १९७८ च्या बंडखोरांना आमदारकीवर पाणी सोडावे लागले असते किंवा आणखी सहा-सात जण जमवून दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे लागले असते. याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. २८८ सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होतात. मंत्रिपदाचे आमिष मर्यादित झाले, पण त्याच वेळी मागच्या बाकावर राहणाऱ्या आमदारांची संख्याही पक्की झाली.

बंड करणाऱ्यांचे पुढे काय झाले?

पुलोद सरकार सुमारे दीड वर्ष चालले. १९७९ च्या जुलैमध्ये केंद्रातले मोरारजी देसाई यांचे जनता सरकारही स्वपक्षातल्या फुटीने गेले. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेत आल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकार बरखास्त झाले. राष्ट्रपती राजवट लागली. नंतरच्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने १८६ जागा जिंकल्या. पवारांच्या पक्षाचे जे आमदार निवडून आले, त्यातल्या बहुतेकांनी पुढे त्यांची साथ सोडून सत्तेची वाट धरली. ज्या वाटेने दादांचे घर रिकामे झाले होते, त्याच वाटेने पवारांचेही झाले. डिसेंबर १९८६ मध्ये पवार स्वतः राजीव गांधींच्या उपस्थितीत औरंगाबाद येथे काँग्रेसमध्ये परतले.

दादांनी पराभवानंतर काय केले?

दादा पुढे इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० मध्ये सांगलीतून लोकसभेवर निवडून आले. ज्या पक्षाच्या उपमुख्यमंत्र्यामुळे घर फुटले, त्याच पक्षात त्यांनी घर केले. राज्यात तेव्हा अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांच्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये बाबासाहेब भोसले आले. भोसले यांची निवड दिल्लीने केली होती. राज्यातल्या आमदारांत त्यांचे मूळ नव्हते. वर्षभरात त्यांच्या विरोधात काँग्रेस आमदारांची कुजबुज उघड बंडात बदलली. दिल्लीला नेतृत्व बदलणे भाग पडले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले.

म्हणजे पाच वर्षांत चित्र उलटे झाले होते. १९७८ मध्ये मागच्या बाकांनी दादांना खाली खेचले, १९८३ मध्ये मागच्या बाकांनीच त्यांना वर आणले. या काळात दादांनी खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. महाराष्ट्राच्या शिक्षणावर या निर्णयाचे बरेवाईट परिणाम आजही दिसतात.

मग १९८५ मध्ये राजीनामा का?

मार्च १९८५ ची विधानसभा निवडणूक काँग्रेसने १६१ जागांसह जिंकली. दादा मुख्यमंत्री राहिले. आघाडी नव्हती, बहुमत होते. पण प्रदेशाध्यक्षपदी कोण हे ठरवण्याचा अधिकार दिल्लीने स्वतःकडे ठेवला. राजीव गांधींनी वर्धा जिल्ह्यातल्या प्रभा राव यांची नेमणूक केली. ती दादांना मान्य नव्हती. जून १९८५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर त्यांच्या जागी आले. आयुष्यभर संघटनेतून शिस्त उभी करणाऱ्या नेत्याला संघटनेचा अध्यक्ष कोण, हे विचारलेच गेले नव्हते. या वेळी बंड केले ते मुख्यमंत्र्याने आणि ते राजीनाम्यापुरतेच राहिले. आमदार घेऊन बाहेर पडण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. नोव्हेंबर १९८५ ते ऑक्टोबर १९८७ या काळात ते राजस्थानचे राज्यपाल होते. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. पक्षांतरबंदी कायदा लागू होऊन त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

दादांच्या राजीनाम्याचा आजच्या वादाशी काय संबंध?

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे सुमारे ४० आमदार घेऊन बाहेर पडले. तेही आघाडी सरकार होते आणि त्या बंडाचेही मुख्य कारण मित्रपक्षांशी न पटणे हेच सांगितले गेले. विधानसभेत बहुमत सिद्ध करण्याआधीच उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला. मात्र ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे, हाही त्या निकालाचा भाग होता. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी दोन्हीकडच्या कोणत्याही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

१९७८ मध्ये दादांनी राजीनामा दिला तेव्हा असा काही धडा समोर नव्हता. बहुमत राजभवनात मोजायचे नाही, सभागृहात मोजायचे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात ठामपणे मांडले. सभागृहात मतदान झाले असते तर प्रत्येक आमदाराला नावानिशी हात वर करावा लागला असता आणि आपल्या आमदाराने नेमके काय केले, हे मतदाराला कायमचे कळले असते. नेत्याने आधीच राजीनामा दिला की बंडखोराला मत नोंदवावे लागत नाही. ही सोय १९७८ मध्ये दादांच्या विरोधकांना मिळाली आणि २०२२ मध्ये ठाकरे यांच्या विरोधकांना.

मतदाराने यातून काय घ्यावे?

दादांचे आयुष्य सांगते की आमदार पक्षात टिकतो तो तीन गोष्टींमुळे. त्याचे कोणीतरी ऐकून घ्यावे लागते, त्याला पुढे जायची आशा असावी लागते आणि बाहेर पडण्याची किंमत असावी लागते. दादांनी आयुष्यभर पहिली गोष्ट केली. १९७८ मध्ये आघाडीने ती करणे अशक्य करून टाकले. कायद्याने १९८५ मध्ये आणि २००३ मध्ये फक्त तिसरी गोष्ट वाढवली. पहिल्या दोन कायद्याने येत नाहीत. म्हणून कायदा कडक झाला तरी बंडे थांबली नाहीत, त्यांचे आकडे फक्त मोठे झाले. पूर्वी दोन-चार आमदार फुटत, आता दोनतृतीयांश एकदम फुटतात.

आघाडी सरकारे आता नेहमीची झाली आहेत. म्हणून निवडणुकीआधी पक्षांनी कोणाबरोबर जाणार आणि कोणत्या कार्यक्रमावर, हे लेखी सांगावे, मित्रपक्षांतल्या तक्रारी सोडवण्यासाठी समन्वय समिती प्रत्यक्ष चालवावी आणि सरकारवर संकट आले तर मतदान सभागृहातच व्हावे, अशी मागणी मतदार करू शकतो. १९७८ मध्ये किन्हीराजातल्या मतदाराने ज्या चिन्हावर शिक्का मारला, त्या चिन्हाचा पक्ष मार्चमध्ये कोणाबरोबर जाईल हे त्याला कोणी सांगितले नव्हते. जुलैमध्ये ते सरकार का गेले, हेही कोणी त्याच्या गावात येऊन विचारले नाही. प्रचाराला येणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न आज विचारता येतो. सरकार बनवताना कोणाबरोबर जाल आणि पटले नाही तर मत कुठे नोंदवाल, सभागृहात की बाहेर?